भिंत भाड्याची चालेल, कंट्रोलर आपला हवा

आपल्याकडे डीजे म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येत नाही, भिंत येते. ट्रकवर रचलेले बेस, त्यावर टॉप, लेझर, मागे धडधडणारा जनरेटर. पश्चिम महाराष्ट्रात तिला डॉल्बी म्हणतात. जयंतीच्या वर्गणीचा मोठा वाटा या भिंतीच्या भाड्यात जातो. तिच्या आडोशाला लॅपटॉप आणि एक छोटे यंत्र घेऊन उभा असलेला पोरगा कोणाच्याच हिशेबात नसतो. माझे म्हणणे असे, की आपल्या वस्त्यांनी हा हिशेब उलटा मांडावा. भिंत भाड्याची चालेल. ते छोटे यंत्र, म्हणजे कंट्रोलर, मात्र आपल्या मालकीचे हवे. कोणाचे गाणे वाजणार, कशानंतर काय वाजणार आणि कधी थांबणार, हे तिथे ठरते.

वाजवणे आणि ठरवणे यांत जातिव्यवस्थेने नेहमीच फरक केला आहे. गावगाड्यात हलगी, डफडे, सनई वाजवणारे हात मातंगांचे, होलारांचे होते. तमिळनाडूत पराई वाजवणे हे परैयरांच्या माथी मारलेले काम होते, विशेषतः मयताच्या वेळी. कला त्यांच्या हातात होती, पण केव्हा वाजवायचे, कोणाच्या दारात आणि किती वेळ, हे गाव ठरवत असे. म्हणून अनेकांनी हे वाजवणेच नाकारले, आणि तो नकार योग्य होता. पुढे तमिळनाडूतील दलित कलावंतांनी तीच पराई स्वतःच्या मर्जीने मंचावर आणली, तेव्हा तिचा अर्थ बदलला. कातडे तेच होते, निर्णय घेणारा बदलला होता.

आज पंजाबात गिन्नी माही रविदासिया समाजाची ओळख उंच आवाजात गाते. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गाना आणि रॅप एकत्र आणले. आणि खुद्द डीजे ही कला कुठून आली? ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, जमैकाहून आलेल्या कूल हर्क या काळ्या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून फिरवून तो गाण्यातला तालाचा तुकडा लांबवत असे. महागडी वाद्ये नसलेल्या पोरांनी रेकॉर्ड प्लेअरलाच वाद्य केले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, तीही काळ्यांच्या लढ्याकडून नाव आणि बळ घेऊन. म्हणजे ही कला आपल्याला परकी नाही.

आपला आवाज किती बोचतो, हेही आपण पाहिले आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे निमित्त. २०१८ साली उत्तर प्रदेशातील निजामपूर गावात जाटव नवरदेवाची वरात ठाकुरांच्या वस्तीवरून नेण्यासाठी मोठा पोलीस बंदोबस्त लागला. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढारमध्ये एका तरुणाला मारण्यात आले. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग होता, असे फिर्यादीत म्हटले आहे. जे इतक्या किमतीने मिळवले, ते वाजवण्याचा निर्णय आपण एका रात्रीच्या भाड्यावर दुसऱ्याकडे सोपवतो.

मी गेली काही वर्षे लग्नांत आणि जयंतीत लॅपटॉपवर गाणी वाजवतो. एका वस्तीत भाड्याच्या भिंतीबरोबर आलेल्या ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर मोजून दोन भीमगीते होती. रात्रभर तीच फिरली, मधली जागा सिनेमाच्या गाण्यांनी भरली. त्या पोराचा दोष नव्हता. तो मालकाचा रोजंदार होता आणि मालकाला आपल्या गाण्यांशी देणेघेणे नव्हते.

तर कंट्रोलर कसा निवडावा? आधी तो काय करतो ते समजून घ्या. बहुतेक कंट्रोलर स्वतः गाणे वाजवत नाहीत. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, मिसळण्याचे काम सॉफ्टवेअर करते, कंट्रोलर आपल्या बोटांची हालचाल त्याला कळवतो. पण त्याच्या आत साउंड कार्ड असणे फार महत्त्वाचे. त्यामुळे दोन वेगळे आवाज बाहेर पडतात: एक लोकांसाठी स्पीकरला, दुसरा हेडफोनला. पुढचे गाणे आधी आपल्या कानात ऐकून जुळवता येत नसेल, तर ते मिक्सिंग नव्हे. साउंड कार्ड नसलेला स्वस्त कंट्रोलर म्हणून महागात पडतो.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्याला आपली गाणी माहीत नसतात. ही यंत्रे आणि सॉफ्टवेअर घडली ती यंत्रावर बनलेल्या, अढळ ठेक्याच्या संगीतासाठी. तिथे सिंकचे बटण दाबले की दोन गाणी जुळतात. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंदेंची, विठ्ठल उमपांची जुनी ध्वनिमुद्रणे माणसांनी ढोलकीवर वाजवलेली आहेत. कडव्यात लय थोडी सैल होते, धृपदाला चढते. कडूबाई खरातांच्या एकतारीवर तर सॉफ्टवेअरला पकडायला ठोकाच पुरेसा मिळत नाही. अशा गाण्यांवर सिंक गडबडतो. तिथे हात लागतो: गाणे किंचित पुढे-मागे ढकलायला मोठे, स्पर्श ओळखणारे जॉग व्हील आणि वेग बदलायला लांब पिच फेडर. म्हणून रंगीत दिवे आणि पॅडची संख्या पाहू नका, ही दोन अंगे तपासा. वेग बदलला तरी गायकाचा सूर न बदलण्याची सोय, की लॉक, सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू ठेवा. शिंदेंचा आवाज चिरका करून वाजवणे हा त्यांचा अपमान आहे.

तिसरे, माईक. आपला कार्यक्रम वंदना, घोषणा आणि भाषणाशिवाय होत नाही. माईकची जोडणी आणि तिचा आवाज कमी-जास्त करणारे वेगळे बटण हवेच. चौथे, बाहेर जाणारी वायर. सुरुवातीच्या यंत्रांवर बहुधा फक्त आरसीए जोडणी असते. घरात ती पुरते. पण जनरेटरवर, लांब वायरीने जोडले की गुणगुण शिरते. एक्सएलआर जोडणीचे यंत्र परवडत नसेल, तर मध्ये डीआय बॉक्स लावावा किंवा वायर जमेल तितकी आखूड ठेवावी.

नावे घ्यायची तर पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ आणि न्यूमार्कचा मिक्सट्रॅक प्रो एफएक्स हे दोन्ही दोन चॅनेलचे, साउंड कार्ड आणि माईकसह येणारे. पहिला जोडला की रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर वेगळे पैसे न देता मिक्सिंगसाठी खुले होते. सेराटोची मात्र प्राथमिक आवृत्तीच फुकट मिळते. दुसऱ्याबरोबरही सेराटोची प्राथमिक आवृत्तीच येते, पण त्याचे जॉग व्हील ६ इंचांचे, अधिक ऐसपैस आहे. आपल्या गाण्यांसाठी माझा कल त्याच्याकडे आहे. चार चॅनेलची गरज सुरुवातीला कोणालाच नसते. सॉफ्टवेअरच्या वर्गणीत अडकायचे नसेल तर मिक्स्स नावाचे पूर्ण मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते जुन्या लॅपटॉपवर लिनक्समध्येही चालते. फक्त यंत्र घेण्याआधी त्यांच्या यादीत त्याचे नाव आहे का ते पाहा.

जुने यंत्र घ्यायला हरकत नाही. प्रत्येक फेडर सावकाश सरकवून आवाज खरखरतो का ते ऐका, दोन्ही जॉग व्हील फिरवून पाहा, यूएसबीची खाच ढिली नाही ना ते बघा. लॅपटॉपमध्ये एसएसडी हवी. ट्रकच्या हादऱ्यात जुनी हार्ड डिस्क दगा देते. आणि गाणी लॅपटॉपमध्येच ठेवा, कारण मिरवणुकीच्या गर्दीत नेट चालत नाही.

गाण्यांच्या फायलींना नीट नावे द्या, ही माझी सर्वांत कळकळीची विनंती. बाजारातल्या संग्रहांत ‘भीमगीत डीजे मिक्स ७’ एवढेच लिहिलेले असते. कवी गेला, गायक गेला, संगीतकार गेला, उरला तो मिक्स करणाऱ्याचा शिक्का. फाईलमध्ये तिघांचीही नावे लिहा आणि गाणे लावताना माईकवर घ्या. आपल्या कवींची नोंद कोणत्याही अकादमीने धड ठेवलेली नाही. ती वस्तीतल्या लॅपटॉपमध्ये ठेवता येते.

जयंतीत डीजे नकोच, पुस्तके वाटा, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांच्या रागातला आवाजाचा मुद्दा मला मान्य आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. भिंतीसमोर तासन् तास नाचणारी पोरे आपलीच आहेत आणि गेलेले कान परत येत नाहीत. पण हे नियम इतर मिरवणुकांत विसरले जातात आणि १४ एप्रिललाच आठवतात, हेही खरे आहे. आवाज कमी ठेवणे हा निर्णयसुद्धा कंट्रोलर ज्याच्या हातात, त्यालाच घेता येतो. मास्टरचा दिवा लाल होऊ न देणे हे पहिले शिक्षण. लाल दिव्यात आवाज वाढत नाही, फाटतो; आणि फाटलेल्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. शब्दच ऐकू येणार नसतील, तर वामनदादा कशाला लावायचे?

मोठ्या भिंतीच्या एका रात्रीच्या भाड्याहून असा कंट्रोलर स्वस्त पडतो. तो कोणा एकाने कर्ज काढून घेऊ नये. मंडळाने घ्यावा, बुद्धविहारात किंवा वाचनालयात पुस्तकांसारखा नोंदवहीत ठेवावा आणि रविवारी शिकवावा. शिकणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्यात. आज भिंतीसमोर त्या नाचतात, यंत्रामागे क्वचितच दिसतात. ठरवण्याची जागा पुन्हा एकदा वाटून घेताना आपणच कोणाला वगळू नये. येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडाल, तेव्हा भिंतीच्या आधी ही ओळ लिहा.

जय भीम.