‘ती तशी नाही’ हे वाक्य आपण सोडून देऊ या

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी कबड्डी खेळायची. चढाई चांगली होती, जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचली होती. शिबिराहून परतल्यावर संघातल्या दुसऱ्या एका मुलीशी तिची फार जवळीक आहे, अशी कुजबुज सुरू झाली. प्रशिक्षकांनी घरी निरोप पाठवला, वडिलांनी खेळाचे बूट माळ्यावर टाकले आणि काकांनी स्थळं बघायला सुरुवात केली. आई म्हणाली, “ताई, तुम्ही तरी सांगा यांना, माझी पोर तशी नाही हो.”

आम्ही घरी गेलो. वडिलांशी दोन तास बोललो. मुलींची मैत्री कशी निर्मळ असते, लोक कसं काहीही बोलतात, वगैरे सगळं सांगितलं. “तुमची मुलगी तशी नाही,” हे वाक्य मी स्वतः तीन-चार वेळा उच्चारलं. वडील नरमले, लग्न लांबलं. आम्ही खुशीत परतलो. मुलगी मात्र त्या सबंध वेळात एक शब्द बोलली नव्हती. ती नंतर केंद्रात कधी आली नाही आणि मैदानावरही गेली नाही. ती ‘तशी’ होती की नव्हती हे मला आजही माहीत नाही. पण असलीच, तर तिच्या बाजूनं बोलायला आलेल्या बायांनीच तिच्या तोंडावर दार लावलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मैत्रिणींनो, सांघिक खेळांतले समलिंगी खेळाडू हा विषय आपल्या अंकात कशासाठी, असं काहीजणींना वाटेल. हुंडा, मारहाण, रेशन, पाणी हे प्रश्न सुटलेले नसताना परदेशातल्या फुटबॉलपटूंची चर्चा कशाला? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मुळापासून आपलाच आहे, कारण त्याच्या बुडाशी बाईपणाचा तिरस्कार आहे.

आपल्या कुठल्याही गावच्या मैदानावर जाऊन बघा. झेल सुटला, पकड निसटली की पहिली आरोळी येते, “बांगड्या भर!” घाबरणारा पोरगा ‘बायल्या’. पुरुषांचा संघ घडतो तो नुसत्या सरावानं नाही. आपण बाया नाही, हे एकमेकांना सतत पटवून देत तो घडतो. ड्रेसिंग रूममधले विनोद आठवा. निम्मे बायकांवर आणि उरलेले ‘तसल्या’ पुरुषांवर. दोन्हींचा अर्थ एकच, की बाईसारखं असणं म्हणजे हलकं असणं. अशा खोलीत एखाद्यानं ‘मी समलिंगी आहे’ असं म्हणणं म्हणजे ती खोली ज्या पायावर उभी आहे त्यालाच हात घालणं.

इंग्लंडच्या जस्टिन फॅशनूची कहाणी या संदर्भात प्रत्येकीनं माहीत करून घ्यावी अशी आहे. हा काळा मुलगा आणि त्याचा भाऊ जॉन गोऱ्या पालकांच्या घरी वाढले. दोघंही व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघानं जस्टिनला दहा लाख पौंड मोजून घेतलं. ब्रिटनमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला काळा खेळाडू. तो समलिंगी लोकांच्या क्लबात जातो हे कळल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लॉ यांनी त्याला संघाबरोबर सराव करू दिला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यानं ‘द सन’ या वृत्तपत्रातून आपली ओळख जाहीर केली. चालू कारकिर्दीत असं सांगणारा तो पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू होता. सख्ख्या भावानं त्याच्याशी जाहीरपणे नातं तोडलं. पुढची वर्षं एका संघातून दुसऱ्या संघात भटकण्यात गेली. १९९८ मध्ये अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलानं त्याच्यावर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. फॅशनू इंग्लंडला परतला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यानं आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यानं आरोप नाकारला होता. त्या तक्रारीचा निवाडा न्यायालयात कधी झाला नाही, आणि तक्रार करणाऱ्याचं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे ही आपली भूमिका इथंही बदलत नाही. पण त्याआधीच्या सतरा वर्षांत फुटबॉलनं त्याला जे दिलं, त्याचा निवाडा आपण करू शकतो. त्याच्यानंतर ब्रिटनमधल्या दुसऱ्या खेळत्या व्यावसायिक फुटबॉलपटूनं हे सांगायला मे २०२२ उजाडावं लागलं. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स तेव्हा सतरा वर्षांचा होता. मधली एकतीस वर्षं ब्रिटिश फुटबॉलमध्ये कुणी समलिंगी नव्हतं, असं कोण मानेल?

अमेरिकेतला ग्लेन बर्क हा दुसरा. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा हा बेसबॉलपटू. हात उंचावून एकमेकांना टाळी देण्याची जी पद्धत आज आपल्या गल्लीतली पोरंही पाळतात, ती १९७७ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं सुरू केली असं मानलं जातं. त्यानं पुढे सांगितलं की संघाच्या व्यवस्थापनानं त्याला लग्न करायला सुचवलं होतं आणि केलंस तर मधुचंद्राचा खर्च देऊ, असंही म्हटलं होतं. त्यानं नकार दिला. १९७८ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं आणि थोड्याच काळात कारकीर्द संपली. १९९५ मध्ये एड्सनं त्याचा मृत्यू झाला.

‘लग्न करून टाक म्हणजे सुटेल’ हा तोडगा आपल्याला किती ओळखीचा आहे! यात आणखी एक माणूस असतं, तिच्याविषयी कुणी बोलत नाही. बर्कनं होकार दिला असता तर ती मुलगी कोण असती? तिच्या आयुष्याचं काय झालं असतं? आपल्या केंद्रांवर अशा बाया येतात. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पण जवळही येत नाही, आणि सासू विचारते, “तुझ्यातच काही खोट असेल.” समलिंगी पुरुषाला खोटं जगायला लावण्याची किंमत एक बाईही मोजते. हा आपला प्रश्न नाही, असं आता कुणी म्हणावं!

एकट्यानं खेळायच्या खेळापेक्षा सांघिक खेळात ही गोष्ट अवघड का? धावणाऱ्याचा निकाल घड्याळ देतं. ओडिशाच्या द्युती चंदनं मे २०१९ मध्ये आपण एका मुलीबरोबर नात्यात आहोत असं सांगितलं. घरातून तिला कडाडून विरोध झाला, पण तिची शंभर मीटरची वेळ कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. संघात निवड माणसं करतात. चेंडू तुमच्याकडे द्यायचा की नाही हे माणसं ठरवतात. खोली, बस, जेवणाचं टेबल, सगळं सामायिक असतं. अबोला धरला तर संघ हरतो आणि खापर फोडलं जातं ते वेगळ्या असणाऱ्यावर. म्हणून बहुतेकजण निवृत्त झाल्यावर बोलतात. जर्मनीकडून बावन्न सामने खेळलेला थॉमस हिट्झल्सपर्गर जानेवारी २०१४ मध्ये बोलला तो बूट उतरवल्यानंतरच. जेसन कॉलिन्सनं एप्रिल २०१३ मध्ये खेळत असतानाच सांगितलं, आणि २०१४ मध्ये तो ब्रुकलिन नेट्स संघाकडून मैदानात उतरला. त्याच्या पाठीवरचा आकडा होता ९८. १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात मारून टाकलेल्या मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याची ती आठवण होती. भारताच्या पुरुष क्रिकेट संघातून खेळलेल्या एकाही खेळाडूनं आजवर असं सांगितलेलं नाही.

आता बायांचे संघ बघू. वरवर पाहता तिथं चित्र उजळ आहे. २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकन फुटबॉल संघाची एक कर्णधार मेगन रॅपिनो २०१२ पासून उघडपणे बोलते आहे. न्यूझीलंडच्या एमी सॅटरथवेट आणि ली ताहुहू या एकाच क्रिकेट संघातल्या दोघींनी २०१७ मध्ये लग्न केलं. दक्षिण आफ्रिकेच्या मारिझान काप आणि डेन व्हॅन नीकर्क यांनी २०१८ मध्ये. इंग्लंडच्या नॅटली सिव्हर आणि कॅथरिन ब्रंट यांनी २०२२ मध्ये लग्न केलं आणि दोघींची आडनावं जोडून घेतली. २६ मार्च २०२३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई इंडियन्सच्या मुलींनी पहिली महिला प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा नाबाद साठ धावा काढून सामना जिंकून देणारी होती हीच नॅट सिव्हर-ब्रंट. ज्या मुंबईत डिसेंबर १९९८ मध्ये दोन बायांचं प्रेम दाखवलं म्हणून ‘फायर’ चित्रपटाचे खेळ तोडफोड करून बंद पाडले गेले, त्याच मुंबईनं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट लहान नाही.

पण म्हणून बायांच्या संघात सगळं सुरळीत आहे असं समजू नका. पुरुष खेळला की तो ‘जास्त पुरुष’ ठरतो, बाई खेळली की ती ‘कमी बाई’ ठरते. त्यामुळे संशय सगळ्याच खेळाडू मुलींवर असतो. केस कापले, खांदे भरले, चालण्यात बेदरकारपणा आला की पुरे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बायांच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक रेनी पोर्टलंड आपल्या संघात लेस्बियन मुली चालणार नाहीत, असं उघड सांगत. २००५ मध्ये जेनिफर हॅरिस या संघातून काढलेल्या काळ्या खेळाडूनं दावा दाखल केला. ती म्हणाली, मी लेस्बियन नाही, पण तशी समजून मला छळलं गेलं. विद्यापीठाच्या चौकशीत प्रशिक्षकांवर ठपका आला, दंड झाला. २००७ मध्ये दावा तडजोडीनं मिटला आणि पोर्टलंड यांनी राजीनामा दिला. म्हणजे तलवार टांगली होती लेस्बियन मुलींच्या नावानं, पण तिच्याखाली सगळ्याच मुली उभ्या होत्या.

आणि कायदा झाला म्हणजे काम संपलं असंही नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करायला राज्यघटनेतच बंदी घालणारा पहिला देश दक्षिण आफ्रिका. तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल संघातून खेळलेली यूडी सिमेलाने क्वाथेमा या वस्तीत उघडपणे लेस्बियन म्हणून राहत होती. एप्रिल २००८ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार करून तिला भोसकून मारण्यात आलं. ती एकतीस वर्षांची होती. २००९ मध्ये दोघांना शिक्षा झाली. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून मोकळं केलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. घरातल्या माळ्यावर टाकलेले बूट मात्र कुठलंच न्यायालय खाली काढून देत नाही.

आपल्याच काही कार्यकर्त्या एक भीती बोलून दाखवतात. मुलींच्या शिबिरांत, वसतिगृहांत अशा गोष्टींना मोकळीक दिली तर मुलींच्या सुरक्षिततेचं काय? भीती खरी आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी दाखवलं जातं आहे. जबरदस्ती कुणीही कुणावरही केली तरी ती जबरदस्तीच, आणि तिची तक्रार घेतलीच पाहिजे. पण मुलींना धोका मुख्यतः कुठून येतो? जिच्या हातात निवड नाही, पगार नाही, प्रमाणपत्र नाही अशा बरोबरीच्या मैत्रिणीकडून, की ज्याच्या हातात हे सगळं आहे त्याच्याकडून? २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या त्या कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. आपण दोन मुलींनी हातात हात घेतला तर बैठक बोलावतो आणि प्रशिक्षकानं पाठीवर हात ठेवला तर त्याला वडीलधारेपण म्हणतो. हा हिशेब उलटा आहे.

मग करायचं काय? सर्वप्रथम, कुणी उघडपणे सांगावं असा आग्रह आपण धरू नये. गावात एकटी राहणाऱ्या, वडिलांच्या पैशावर खेळणाऱ्या मुलीला ‘धीट हो’ म्हणणं सोपं असतं. धीट होण्याची किंमत ती मोजणार असते, आपण नाही. आपलं काम आहे ती किंमत कमी करण्याचं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणांमध्ये क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या तालुक्यातल्या क्रीडा संकुलात, मुलींच्या संघात तक्रार समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे विचारायला लागू या. संघातून काढलं तर कारण लेखी मागू या. आपल्या शिबिरात मैत्री, शरीर, लग्न यांवर बोलतो तेव्हा बायांवर प्रेम करणाऱ्या बायांचा उल्लेख सहजपणे करू या, कुजबुजत नव्हे. आणि मैदानावर ‘बांगड्या भर’ ऐकू आलं तर तिथंच थांबवू या. आपल्या हातात बांगड्या असतील किंवा नसतील, त्या शिवी म्हणून वापरू द्यायच्या नाहीत.

आज ती आई पुन्हा आली तर मी काय म्हणेन, याचा विचार मी अनेकदा केला आहे. वडिलांसमोर मुलीचं गुपित फोडायचा मला हक्क नाही, आणि ते मला माहीतही नाही. पण एवढं नक्की म्हणेन, “दादा, ती कशी आहे हे तिचं तिला ठरवू दे. ती कशीही असली तरी तुमचीच मुलगी आहे, आणि चढाई छान करते. तिचे बूट खाली काढा.” आणि हे मी ती ऐकत असताना म्हणेन.