अण्वस्त्रांची भीती मनात कोंडू नका, मुलांशी बोला

गोंडपिपरी तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर चार दिवस लढाई चालली. आपल्या तालुक्यात एक गोळीही आली नाही, पण टीव्हीवरून घरोघरी भोंगे वाजत होते. शेवटी नागरी संरक्षणाचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका, असे सरकारला वाहिन्यांना सांगावे लागले. सतत ऐकून लोकांना त्याचे काही वाटेनासे होईल, ही चिंता त्यामागे होती.

अणुबॉम्बच्या बाबतीत आपले नेमके तेच झाले आहे. ११ आणि १३ मे १९९८ ला आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या, २८ मेला पाकिस्तानने चगाईत. आज दोन्ही देशांकडे मिळून साडेतीनशेच्या घरात अण्वस्त्रे असल्याचा सिप्री या संस्थेचा अंदाज आहे. त्या लढाईच्या दिवसांत चहाटपरीवर चांगली शिकली-सवरलेली माणसे "टाकून द्या एकदाचा" म्हणत होती. ही माणसे दुष्ट नाहीत. न पेलणारा विचार मन बाजूला सारते, बधिर होते. हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांशी बोलून रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने हेच मांडले.

मुले मात्र बधिर नसतात. "आपल्या इकडे बॉम्ब पडला तं जंगलात लपाचं का?" असे एका पोराने जेवताना विचारले. त्याला उत्तर मिळाले, "गप जेव." ते पोर गप्प झाले, पण त्याची भीती गेली असेल का?

वाघाची भीती आपण अशी दाबत नाही. पायवाटेवर पंजा दिसला की गावभर निरोप जातो, वनरक्षकाला बोलावतात, मोहफुले वेचायला बाया एकट्या जात नाहीत. भीती बोलली जाते, म्हणून तिचा बंदोबस्त होतो. अणुबॉम्बची भीतीही अशीच बोलता येते. जपानमधल्या बॉम्बमधून वाचलेल्यांपैकी अनेकांनी लग्न मोडेल, नोकरी जाईल म्हणून वर्षानुवर्षे तोंड उघडले नाही. पण १९५६ मध्ये त्यांनी निहोन हिदांक्यो ही संघटना उभारली, जगभर जाऊन बोलले. २०२४ चा शांततेचा नोबेल त्यांना मिळाला.

म्हणून कळकळीची विनंती आहे. ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला. या दोन दिवशी शाळेत शिक्षकांनी मुलांचे प्रश्न ऐकावेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या विषयावर बोलायला थोडा वेळ मागून घ्या. देशावर प्रेम असणे आणि बॉम्ब नको वाटणे यांत भांडण नाही, हे तिथे कोणीतरी उभे राहून सांगितलेच पाहिजे. लढाईचे व्हिडिओ खातरजमा न करता पुढे पाठवू नका, लेकरांसमोर तर लावूच नका. झोप उडाली, छाती धडधडते, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतूनही बोलता येते.

आणि ज्यांचा मुलगा सैन्यात आहे, त्या घरी अशा दिवसांत रोज एक चक्कर मारा.

आपला,
तालुक्यातील एक शिक्षक