पेढ्यांचा डबा बाहेर काढा

मागच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या एका घरी ओसरीवर धान्याचा वजनकाटा मांडलेला होता. काट्यावर तुरीचं पोतं नव्हतं, निळी सुटकेस होती. शेजारचा पोरगा येत्या फेब्रुवारीत मेलबर्नला शिकायला निघाला आहे. मुंबईहून क्वालालंपूर, तिथं विमान बदलायचं, मग मेलबर्न. तिकिटावर मुभा ३० किलोची आणि काटा दाखवत होता ३९. आई, बाप, आत्या, दोन मामा आणि मी, सगळे त्या आकड्याकडे बघत उभे होतो.

पोराच्या मोबाइलवर एक यादी आली होती, परदेशी निघालेल्या प्रत्येकाला कुठून ना कुठून येते तशी. मी ती खालपर्यंत वाचली आणि डोकं तापलं. चार स्वेटर, दोन जाड कोट, कानटोपी. अहो, फेब्रुवारीत मेलबर्नला उन्हाळा असतो! तिकडची थंडी जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे पेरणी-डवरणी चालते तेव्हाची. सहा महिन्यांची औषधं न्या, असंही लिहिलं होतं. नेता येतात तीन महिन्यांपुरती, तीही डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चष्मा मात्र एकच. विद्यार्थ्याला तिथं आरोग्य विमा घ्यावाच लागतो, पण त्यात साधारणपणे दात आणि चष्मा येत नाहीत. म्हणून निघण्याआधी दात इथेच दाखवावेत, चष्मे दोन करून घ्यावेत. हे त्या यादीत नव्हतं. कामाचे तास, मजुरीचा दर, घराची अनामत, अडचण आली तर कोणाला विचारायचं, यावर एक ओळ नव्हती. लोणचं कोणत्या बरणीत भरायचं, हे मात्र तीन ओळींत होतं.

आकडे एकदाच सांगून टाकतो, कापून ठेवा. विद्यार्थी व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने ही फी बावीसेक क्विंटल सोयाबीनची झाली, म्हणजे तीन-साडेतीन एकराचं पीक. वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० डॉलरची तजवीज दाखवावी लागते. अभ्यासक्रमाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. शिक्षण चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, सुट्टीत कितीही, पण अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी एक तासही नाही. तिकडचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. फी आणि किमान वेतन बहुधा त्याच दिवशी बदलतं. आपला वाशिम जिल्हाही १९९८ साली १ जुलैलाच अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हा ही तारीख आपल्या लोकांना लक्षात ठेवायला अवघड नाही.

आता सुटकेसकडे येतो. नऊ किलो कमी करायचे म्हणून ती उघडली. स्वेटर निघाले, दोन कुकरांपैकी एक निघाला, आणि टॉवेलच्या घडीत गुंडाळलेला एक डबा निघाला. पेढे. सोबत सुपारी, अक्षता आणि अख्खा नारळ.

"वहिनी, हे नेता येत नाही," मी म्हटलं.

"बालाजीचा प्रसाद आहे, भाऊजी. कपड्यात गुंडाळला तर कोनाले दिसते?"

त्या माउलीचा काही दोष नाही. पोरगा पहिल्यांदा इतक्या लांब चालला, देवाचं काही सोबत असावं, एवढंच तिच्या मनात. पण विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आहे का, बी-बियाणं आहे का, लाकडाचं काही आहे का, नुकतेच शेतात जाऊन आलात का, असे प्रश्न त्यावर असतात. तिथं 'हो' लिहिणं हा गुन्हा नाही. अधिकारी वस्तू बघतात. चालणारी असली तर परत देतात, नसली तर टाकून देतात, तुम्हाला काही म्हणत नाहीत. 'नाही' लिहून डबा सापडला, तर मात्र जागेवर दंड होतो आणि व्हिसा रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. साऱ्या आयुष्याची घडी अर्धा किलो पेढ्यांवर मोडायची?

मुलाचे वडील तोवर गप्प होते. "काऊन बाप्पा, पेढ्यात एवढं काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, लाळ्या-खुरकूत. ऑस्ट्रेलियात हा रोग शेवटचा आला तो १८७२ साली. तेव्हापासून आजपर्यंत एकही लागण नाही. त्यांचं मांस, दूध, लोकर, सगळा व्यापार त्यावर उभा आहे. रोगाचा विषाणू दुधाच्या पदार्थातून जाऊ शकतो, बुटाला चिकटलेल्या मातीतूनही जाऊ शकतो.

हे ऐकल्यावर त्या माणसाचा चेहरा बदलला. काही वर्षांमागे ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांच्या बैलाच्या तोंडात आणि खुरांत फोड आले होते. बैल चारा घेईना, जमिनीवर पाय टेकवेना, तोंडातून लाळेच्या तारा. पेरणी दुसऱ्याच्या जोडीवर करावी लागली आणि तोवर आठ दिवसांची ओल हातची गेली. "मंग बरोबर आहे त्याईचं," ते म्हणाले. उठले, दाराशी ठेवलेले पोराचे बूट उचलले, तळव्याच्या खाचांत अडकलेली काळी माती काडीने एकेका खाचेतून कोरून काढली, नळाखाली धरून बूट घासले आणि तुळशीजवळ उन्हात उलटे ठेवले. सरकारी पत्रकातल्या दहा सूचनांनी जे झालं नसतं, ते एका ओळखीच्या रोगाच्या नावाने झालं. पेढे आम्ही सगळ्यांनी तिथंच वाटून खाल्ले. पहिला पोराला.

आता जी गोष्ट खरी माझ्या मनाला लागली ती. पेढा खाता खाता मी पोराला विचारलं, "अरे, काय नेता येतं, काय नाही, हे तू एजंटाला विचारलं होतंस ना?"

तो म्हणाला, "नाही काका. मले वाटलं, विचारलं तर ते रागावतीन."

प्रवेश करून देणाऱ्या या एजंटाला भरलेल्या पैशाची पावती घरात आहे. शिवाय अशा एजंटांना मुलगा दाखल झाला की तिकडच्या कॉलेजकडूनही बहुधा कमिशन मिळतं. दोन्हीकडून ज्याचं पोट भरतं, त्याला एक प्रश्न विचारायला आमचं पोरगं भितं. या सदरातून मी पूर्वीही लिहिलं आहे की आपल्याकडच्या मुलांना अक्कल कमी नाही, त्यांना भीड फार आहे. सातबारा काढायला गेलं तर खिडकीशी हळू बोलायचं, डॉक्टरांसमोर दुसरा प्रश्न काढायचा नाही, वर्गात सरांना शंका विचारली तर आगाऊ ठरायचं. वीस-बावीस वर्षं हेच वळण लावायचं आणि मग एक दिवस पोराला दहा हजार किलोमीटरवर एकट्याला सोडून द्यायचं. भीड भिकेची बहीण, असं आपले जुने लोक म्हणत आले. तिकडे तर ती डॉलरमध्ये भीक मागायला लावते.

रिसोडकडची एक मुलगी मला माहीत आहे. शेतकऱ्याची लेक, अमरावती विद्यापीठाची पदवी, २०२३ च्या जुलैत गेली. एका दुकानात काम मिळालं, ताशी १२ डॉलर, रोख, पावती नाही. त्या वेळी कायद्याने किमान वेतन ताशी २३.२३ डॉलर होतं. मालक आपल्याच देशाचा, 'बेटा' म्हणायचा. तिला वाटलं, दर विचारला तर काम जाईल, काम गेलं तर व्हिसा जाईल. आठवड्याला २० तास, आठ महिने. गेलेली रक्कम मी तिच्यासोबत बसून मांडली, ती साडेसात हजार डॉलरच्या वर निघाली, म्हणजे चार लाख रुपये. बापाच्या डोक्यावरच्या शैक्षणिक कर्जाचे तेवढे हप्ते गेले असते. शेवटी ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या एका मुलीने तिला फेअर वर्क ऑम्बड्समन या सरकारी कार्यालयाचं नाव सांगितलं. तिथं विचारायला पैसे लागत नाहीत, दुभाषा लागला तर तोही मिळतो. तिला त्या पैशांतले काही परत मिळाले, सगळे नाही.

१ जुलै २०२५ पासून तो दर ताशी २४.९५ डॉलर झाला, आणि कॅज्युअल कामगाराला त्याहून जास्त. पगाराची पावती मिळणं हा हक्क आहे. काम धरण्याआधी टॅक्स फाइल नंबर काढायचा. तो फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मालकाने पगारावर १२ टक्के भविष्यनिर्वाहाचे भरायचे असतात आणि देश सोडताना ते कर वजा होऊन मागता येतात. हे सगळं मागावं लागतं. कोणी आणून हातात ठेवत नाही.

त्याच मुलीने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. पहिला निबंध तिने आपल्याकडच्या सवयीने लिहिला, पुस्तकातला उतारा जसाच्या तसा, सुवाच्य अक्षरात टिपून काढावा तसा. आपल्याकडे गाइडमधलं उत्तर तंतोतंत उतरवलं की पैकीच्या पैकी गुण पडतात. तिथं तिला चौकशीला बोलावलं. तिने चोरी केली नव्हती, दुसऱ्याचं वाक्य घेताना नाव लिहावं लागतं हे तिला आजवर कोणी शिकवलंच नव्हतं. वर्गात पहिल्याच दिवशी शिक्षकांनी हे समजावलं होतं आणि कोणाला काही विचारायचं का, असंही विचारलं होतं. तिला अर्धंच कळलं होतं. ती गप्प बसली. मी शाळा-कॉलेजातल्या आपल्या शिक्षकांना हात जोडून सांगतो, वर्षात चार तास तरी असे ठेवा ज्यात मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे.

घराचंही तसंच. इथून फोटो बघून पैसे पाठवू नका. पहिले दोन आठवडे तात्पुरती सोय करा, खोली डोळ्यांनी बघा, भिंतीवरच्या डागाचासुद्धा फोटो काढून ठेवा. व्हिक्टोरिया राज्यात घराची अनामत मालकाच्या खिशात राहत नाही, सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते आणि तिची पोच भाडेकरूला मिळते. "पोच कुठं आहे?" एवढे तीनच शब्द. माझ्या ओळखीतल्या दोन मुलांना ते उच्चारता आले नाहीत.

आणि इथलंच बघा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठीही वेगळी योजना आहे. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते, जागा मोजक्या असतात. बंजाऱ्यांचं तीर्थ पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, ज्याच्या मानोरा तालुक्यात तांड्यामागून तांडा आहे, तिथल्या किती घरांनी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन हे विचारलं? सावकाराकडे जाताना वाटत नाही ती भीड सरकारी टेबलापुढे का वाटावी?

एक गोष्ट मी शेजारच्या त्या पोराला बाजूला घेऊन सांगितली, आईसमोर नको म्हणून. आपली मुलं विहिरीत पोहायला शिकतात, फार तर एकबुर्जी धरणाच्या कडेला. समुद्र पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियात गेलं की पहिल्या सुट्टीत सगळे किनाऱ्यावर जातात, आणि तिथं आपल्याकडचे तरुण बुडाल्याच्या बातम्या येतात. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्रात किनाऱ्यापासून आत खेचणारा प्रवाह असतो, वरून तो भाग शांत दिसतो, लाटा कमी असतात, म्हणून नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. जीवरक्षकाला आधी विचारायचं, इथं उतरू का? प्रवाहात सापडलास तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, दम जातो. अंग सैल सोडून तरंगत राहायचं आणि हात उंच करायचा. आपल्या पोराला मी ओळखतो, चारचौघांत हात वर करायला त्याला लाज वाटते. मी त्याच्याकडून तिथंच, अंगणात, तीन वेळा हात वर करून घेतला. तिसऱ्यांदा कोपर सरळ झालं.

मंगळवारी सकाळी सहाला मी त्याला माझ्या ओट्यावर बोलावलं. तिकडच्या उन्हाळ्यात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, म्हणजे तिथं साडेअकरा वाजले होते. विद्यापीठाच्या विद्यार्थी-कार्यालयाला फोन लावला. कागदावर त्याने चार इंग्रजी वाक्यं लिहून आणली होती, पहिलं वाचताना आवाज कापत होता. विमानतळावर घ्यायला कोणी येतं का, हे विचारायचं होतं. पलीकडच्या बाई हळू बोलल्या, दोनदा सांगितलं. त्याला एक शब्द कळला नाही आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. थोडं थांबून तो म्हणाला, परत सांगता का. त्यांनी परत सांगितलं. बाजार समितीतल्या सोयाबीनच्या पट्टीच्या पाठीवर त्याने नंबर, वार, वेळ लिहून घेतली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून त्याच्या आईचा आवाज आला, "विचार तिले, पोयाचा तवा भेटते का तिथं, नाही तर बॅगेत घालतो."

त्याने तेही विचारलं.