सुतारकामाची खोली आवरताना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या कमरेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून डाव्या पायाकडे जाणारी नस दबली होती. शल्यचिकित्सकांनी गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला आणि तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या : वाकणे, उचलणे, कमरेत पिळणे. पहिल्या सहा आठवड्यांपुरते हे सक्तीचे होते, पुढे ‘विचार करून’. तासिका उभ्याने घेता येतील, असे त्यांनी दिलासा देण्याच्या स्वरात सांगितले. घरात तळमजल्यावर माझी सुतारकामाची खोली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. तिथे जे काही चालते ते वाकणे, उचलणे आणि पिळणे याखेरीज दुसरे काही नाही.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला हा नाद कसा लागला, हे थोडक्यात सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी घराचे काम चालू असताना एक वयस्कर मिस्त्री दारे-खिडक्या करायला येत. ते जमिनीवर बसून, फळी पायाच्या पंजांनी दाबून धरून काम करीत. शेगडा नाही, टेबल नाही, पायच शेगडा. मी महाविद्यालयातून आलो की त्यांच्यापुढे बसून राही. एके दिवशी त्यांनी माझ्या हाती रंधा दिला. मी जोर लावला तसा तो लाकडात रुतून बसला. ते म्हणाले, “सर, दंडानं नाही. कमरेतून.” त्यानंतरची पंधरा वर्षे मी कमरेतूनच करीत आलो. त्याचे बिल आता आले, असे माझी पत्नी म्हणते; वैद्यकीयदृष्ट्या ते तितकेसे बरोबर नसावे, पण उत्तर द्यायला मला सुचलेले नाही.

पंधरा वर्षांत खोली भरत गेली. गोल करवतीचे यंत्र, रंध्याचे यंत्र, उभे ड्रिल, छोटा चरक, शिकंजे, चौदा पटाश्या, पाच लाकडी रंधे, आणि भिंतीलगत पाडलेल्या वाड्यांमधून आणलेले सागवान. या सागवानाची मला फार आसक्ती. एक घनफूट सुके सागवान साधारण अठरा किलो भरते. सहा फूट लांब, फूटभर रुंद, दोन इंच जाड अशी एक फळी म्हणजे बरोबर एक घनफूट. माझ्याकडे अशा बावीस फळ्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी, काठी टेकीत, मी त्या मोजल्या आणि गुणाकार केला. जवळजवळ चारशे किलो. यांतली एकही फळी मी आता एकट्याने हलवू शकत नव्हतो. खोली कमी करायची हे तिथेच ठरले. वाद उरला तो काय ठेवायचे आणि काय द्यायचे याचा.

या वादात अनेकांनी मला सल्ले दिले आणि त्यांतला बहुतेक एकाच गोत्राचा होता. मारी कोंडो या जपानी लेखिकेचे घर आवरण्यावरचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले, तेव्हापासून आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतही ही भाषा रुळली आहे : वस्तू हातात घ्या, ती आनंद देते का ते पाहा, देत नसेल तर तिला निरोप द्या. कपड्यांच्या बाबतीत हे ठीक असेल. हत्याराच्या बाबतीत ही कसोटी मुळातच चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. माझ्याकडचा गुण्या मला कधीही आनंद देत नाही. मी काटकोनात कापलेले काटकोनात नाही, एवढेच तो सांगतो. कानशीने कुणाला आनंद होत असेल तर मला त्याला भेटायला आवडेल. उलट रंध्याचे यंत्र मला अतोनात आनंद देई : बटण दाबले की खडबडीत फळी आरशासारखी. जायला हवे होते ते नेमके तेच. ‘हे मला काय देते’ हा प्रश्न वस्तूला माझ्या मनाची चाकर करतो. हत्याराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे काय करते, कुणाच्या हातून करते, आणि तो हात अजून आहे का?

यंत्रे देण्यामागे आणखी एक कारण होते. यंत्राने पडणारी भुकटी बारीक असते आणि हवेत तरंगत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या भुकटीला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांमध्ये गणले आहे. हे मी वाचले होते आणि राहत्या घराच्या तळमजल्यावर तोंडाला रुमाल बांधून काम करीत होतो. पाठ दुखल्याशिवाय माणसाला फुप्फुसे आठवत नाहीत, हे खरे. हाताच्या रंध्याखाली भुकटी फारशी पडत नाही, लांब पातळ वेटोळी निघतात. झाडूने गोळा करता येतात, आणि झाडू आता लांब दांड्याचा आहे.

तर यंत्रे मी त्याच मिस्त्रींच्या मुलाला द्यायची ठरवली. तो चाळिशीचा आहे, शहरात स्वयंपाकघरांची कपाटे बसवतो. येण्यापूर्वी मी एक छोटेसे नाट्य मनात रचून ठेवले होते. यंत्रे तर द्यायचीच, पण खरी भेट म्हणून त्याच्या वडिलांनी मला शोधून दिलेले दोन जुने लाकडी रंधे त्याच्या हाती ठेवायचे. परंपरेची वस्तू परंपरेकडे. तो आला, रंधे हातात घेतले, पाते काढून धार पाहिली, कौतुक केले आणि परत ठेवले. म्हणाला, “सर, हे घेऊन मी काय करू? साइटवर रंधायला लाकूड कुठं असतं? सगळा प्लाय. हे तुमच्याकडंच शोभतात.”

‘शोभतात’ हा शब्द मला लागला. पुष्कळ दिवस लागून राहिला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पण अर्थ पुरेसा स्पष्ट होता. हाताच्या हत्यारांमधले काव्य मला दिसते, कारण माझे पोट त्यांच्यावर नाही. त्याच्या वडिलांना जमिनीवर बसून काम करताना मी तन्मयतेने पाहत होतो तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचे काय होत होते, हे मी एकदाही विचारले नव्हते. आज त्यांना मांडी घालून बसता येत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आपण पदव्युत्तर वर्गांत संदर्भापुरते वापरतो. बलुतेदारीत सुताराने नांगर-पाभर दुरुस्त करायची आणि त्याबदली खळ्यावरचे धान्य घ्यायचे, ही व्यवस्था त्यात आहे. तिच्यातले ताणही आहेत. त्या व्यवस्थेत सुताराला हत्यार निवडायची मुभा नव्हती आणि काम सोडायचीही. मला दोन्ही आहेत. माझ्या छंदाला आणि त्यांच्या कामाला एकच ‘सुतारकाम’ हा शब्द वापरणे भाषेच्या दृष्टीने बरोबर असेल, पण त्यात लबाडी आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, तरी लिहायला हवे.

मग हाताची हत्यारे द्यायची कुणाला? मला वाटले, शाळेला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी शिक्षणाचा मध्यबिंदू हस्तोद्योग असावा अशी कल्पना मांडली. नई तालीम तिथून निघाली. तिचा पुसट वारसा ‘कार्यानुभव’ या विषयाच्या रूपाने आपल्या शाळांमध्ये चालत आला. एका शाळेत मी सहा पटाश्या, दोन करवती आणि एक शिकंजा घेऊन गेलो (म्हणजे रिक्षावाल्याने पिशवी उचलली, मी मागून गेलो). मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि फार सौजन्याने नकार दिला. मुलाच्या बोटाला लागले तर पालकांना काय सांगायचे? त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तरी परतताना मनात येत होते की धार नसलेल्या हत्यारानेच बोट जास्त कापते, कारण ते घसरते. आणि हे ज्याच्या हातात कधी धारदार पटाशी आली नाही त्याला पटवून देता येत नाही.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्यांशी संबंध असलेला एक मुद्दा येतो. खोली आवरताना मी प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी लावली होती. पदव्युत्तर वर्गातले दोन विद्यार्थी मदतीला आले होते. हुशार मुले, भाषाविज्ञानात चांगली. रंधा आणि करवत त्यांनी ओळखली. पटाशीला एकाने ‘छिन्नी’ म्हटले. गिरमिट, सामता, वाकस, कुसू हे शब्द त्यांना कोऱ्या नाण्यासारखे वाटले. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आपण सगळे गौरवाने मिरवतो. पण कारागिरांच्या बोलीतला शब्द कोशात आहे म्हणून जगत नाही, कुणीतरी तो कामात हाक मारल्यासारखा वापरतो म्हणून जगतो.

‘पाचर’ घ्या. ‘पाचर मारणे’ म्हणजे कुणाच्या चालत्या कामात खोडा घालणे, एवढाच अर्थ आज उरला आहे. पंचतंत्रातल्या अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटणारे माकडही सगळ्यांना ठाऊक. पण सुताराकडे पाचरीची कामे दोन. ती लाकूड फाडते. आणि कुसू खाचेतून आरपार काढून त्याच्या चिरेत ठोकली की तीच सांधा असा आवळते की खिळ्याची गरज राहत नाही. फोडणारी पाचर वाक्प्रचारात राहिली, जोडणारी गेली. हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी दोघांना सागाच्या तुकड्यात ठोकून दाखवले (म्हणजे त्यांनी ठोकले, मी खुर्चीवरून सूचना दिल्या), तेव्हा त्यातली मुलगी म्हणाली, “सर, हे वर्गात का नाही आणत?” मी म्हटले, आणीन. अजून आणलेले नाही.

शेवटी हिशेब असा झाला. यंत्रे गेली. बावीसपैकी अठरा फळ्या एका ओळखीच्या माणसाने देवघरे करण्यासाठी नेल्या. त्याने भाव बरा दिला आणि मी घासाघीस केली नाही. पटाश्यांपैकी पाच ठेवल्या. दोन करवती, गुण्या, दोन रंधे, मारतूल, एक धारेचा दगड. मदतीला आलेल्या मुलाने एक पटाशी मागून घेतली. त्याला ती का हवी, हे मी विचारले नाही.

उरला प्रश्न टेबलाच्या उंचीचा. रंधा मारायला टेबल कमी उंचीचे असावे, म्हणजे शरीराचा भार लाकडावर येतो; माझ्या पाठीला मात्र उंच हवे. मिस्त्रींना फोन केला. ते मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, खुर्चीवर बसले, मला टेबलाशी उभे करून कोपराची उंची पाहिली आणि मुलाला चार पायांना चार-चार इंचांचे जोड करायला सांगितले. मुलाने ते माझ्या राहिलेल्या फळीतून, माझ्याच पटाशीने, कुसू काढून केले. प्लायचे काम करणारा तो हात तासाभरात इतका सफाईदार झाला की मी बोललो नाही. शेवटच्या पायाची पाचर ठोकायची राहिली तेव्हा मिस्त्रींनी मारतूल माझ्याकडे द्यायला लावला.

“एकच ठोका, सर. आणि दंडानं.”