लेक गुणाची, पण सातबारा पोरांचा

मागील महिन्यात चिखली तालुक्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. जय भीम झाला, पाणी झाले आणि त्यांनी लेकीचे कौतुक सुरू केले. बारावीनंतर दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगून तिने नर्सिंगची फी भरली. आज ती परिचारिका आहे. बापाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन तिने केले, धाकट्या भावाची फी तिने भरली. "वकीलसाहेब, कोणापुढे हात पसरला नाही माह्या पोरीनं," म्हणताना म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. आम्हालाही बरे वाटले.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून सातबारा काढला. पाच एकर वडिलोपार्जित शेती दोन्ही मुलांच्या नावे करायची होती आणि लेकीचे हक्कसोडपत्र पाहिजे होते. आम्ही विचारले, "काका, तिला विचारले का?" ते म्हणाले, "तिले काय इचारायचं? ती तर कमावते. तिले काय कमी हाय?"

पाहा कसा न्याय आहे! मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, हाच तिचा वाटा काढून घेण्याचा आधार झाला. मुलगा नोकरीला लागला म्हणून "तुला जमीन कशाला?" असे त्याला विचारणारा बाप आमच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत आम्ही पाहिला नाही. आणि हा जिल्हा कोणता, तर जिजाऊंचे माहेर असलेल्या सिंदखेडराजाचा!

सुभेदार रामजींना भीमरावाचा किती अभिमान होता, हे आपण दर जयंतीला सांगतो. मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी हाती पैसे नसले की ते मुंबईतच दिलेल्या विवाहित लेकीकडे जात. तिच्याजवळही रोख नसली तर तिचा दागिना मारवाड्याकडे गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवून परत दिला जाई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यात बहिणीच्या त्या दागिन्याचाही वाटा आहे. पण भाषणात आपण बापलेकापाशीच थांबतो. सुभेदार मात्र दागिना परत करीत. आजच्या हक्कसोडपत्रात परत करण्याचे कलम नसते.

लेकीला वारसा मिळावा हा हिंदू कोड बिलाचा एक गाभा होता. ते बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. (त्याच्या नावावर आमचा आक्षेप आहे, तो वेगळा विषय.) महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्या तारखेला बाप हयात नसला तरी हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या वगळल्या आहेत.

हक्कसोडपत्र बेकायदा नाही. ते स्वखुशीने करता येते. पण भाऊबीजेला भाऊ तोंड फिरवील, माहेरचे दार बंद होईल, या धास्तीने दुय्यम निबंधकांपुढे अंगठा उमटवणाऱ्या बहिणी आम्ही पाहिल्या आहेत. त्यात पदवीधर आहेत, शिक्षिका आहेत. त्यांना स्वखुशी कशी म्हणावी? आणि यात आमचे कार्यकर्तेही मागे नाहीत. विहारात समतेवर बोलायचे आणि तहसिलीत बहिणीची सही मागायची!

आम्ही त्या काकांना म्हटले, कागद करून देऊ, पण आधी लेकीला घेऊन या. आम्ही तिला तिचा हिस्सा किती ते आकड्यात सांगू, मग ती म्हणेल तसे. काका नाराज झाले. तिची ड्युटी असते, सुट्टी मिळत नाही, म्हणाले. मग रविवारी या, आम्ही घरी असतो, असे आम्ही सुचवले.

दोन रविवार गेले. सातबाऱ्याची नक्कल त्यांनी आमच्याकडेच ठेवली आहे.