हातचा एक!

बालमित्रांनो, "कॉम्प्युटर सगळे करतो, मग आम्ही हाताने बेरजा कशाला करायच्या?" असे तुम्ही विचारता, तेव्हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्या आईबाबांची पंचाईत होते. आमचे उत्तर पास्कलच्या गोष्टीत आहे.

ब्लेझ पास्कल १६२३ साली फ्रान्समध्ये जन्मला. त्याचे वडील रूआँ शहरात करवसुलीचे अधिकारी होते. हिशेब किचकट असत, कारण १२ दनियेंचा एक सोल आणि २० सोलांचा एक लिव्र होई. (आपल्याकडेही १९५७ पर्यंत १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता!) वडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून १६४२ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांच्या पास्कलने बेरजेचे यंत्र करायला घेतले. सुमारे ५० नमुने करून पाहिल्यावर १६४५ मध्ये ते लोकांपुढे आले.

आकड्यांची चाके फिरवणे सोपे होते. खरी अडचण होती हातच्याची! पास्कलने एक वजनदार खटका बसवला. चाक फिरताना तो वर उचलला जाई आणि ९ नंतर ० आला की खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकली.

पण ही चाके उलटी फिरत नसत. मग वजाबाकी कशी करायची? ८५ मधून ३२ वजा करू. ८५ चा प्रत्येक आकडा ९ मधून वजा केला की १४ येतात. त्यात ३२ मिळवले की ४६. पुन्हा प्रत्येक आकडा ९ मधून वजा करा. उत्तर ५३! आजचे कॉम्प्युटरही याच कल्पनेने, फक्त ० आणि १ वापरून, वजाबाकीची बेरीज करतात.

पालकहो, यंत्राला हातचा शिकवण्याआधी पास्कलला तो पुरता समजलेला होता. मुलांच्या हातून हातचाच काढून घेतला, तर ती यंत्रे वापरतील, पण नवे यंत्र त्यांना कसे सुचणार? आम्ही कॅल्क्युलेटरच्या विरुद्ध नाही. पास्कलनेही कष्ट वाचवण्यासाठीच यंत्र केले. पन्नास ओळींची बेरीज खुशाल यंत्राला द्या, पण दोन ओळींची मुलांना स्वतः करू द्या.

मुलांनो, पास्कलच्या रीतीने ७४ मधून २८ वजा करा आणि पुढच्या वर्गाला उत्तर घेऊन या. हातचा विसरू नका!