शर्यत मैदानावर, रस्त्यावर नव्हे!



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतला एक तरुण आईसह माझ्याजवळ आला. मुलगा गॅरेजमध्ये काम करतो. घरी जुनी मारुती ८०० आहे. आई म्हणाली, "भाऊ, याला जरा समजवा. गाडी शर्यतीत घालायची म्हणतो. याच गाडीतून याच्या वडलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं."

"काका, रस्त्यावर नाही, मैदानावर. एका वेळी एकच गाडी सोडतात," मुलगा म्हणाला.

मुलांचे म्हणणे पूर्ण ऐकल्याशिवाय नकार देऊ नये, असे माझे मत आहे. म्हणून मी त्याच्या मिस्त्रीला भेटून सर्व समजून घेतले. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. सामना घड्याळाशी असतो. शंकू पाडला की दंडाचे सेकंद वाढतात. येथे इंजिनाच्या ताकदीइतकीच हाताची सफाई लागते, म्हणून साध्या गाडीलाही वाव असतो. आपल्या देशात मोटार स्पर्धांना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था मान्यता देते. स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे आधी पाहावे.

मुलाच्या मनात रुंद टायर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर होता. मिस्त्रींनी ते साफ नाकारले. "आधी आहे ती गाडी धड कर," म्हणाले. त्यांनी सांगितलेली तयारी अशी:

ब्रेकचे पॅड व लायनर तपासावे. ब्रेक ऑइल जुने असेल तर बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते, तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जाते. चाकांचे नट, बॉल जॉइंट, शॉकअप, बॅटरीचा क्लँप घट्ट आहेत ना, कुठे ऑइल गळत नाही ना, ते पाहावे. ॲक्सिलरेटर सोडताच परत आला पाहिजे. स्टेपनी, जॅक, पाने, पायपुसणी, सारे गाडीबाहेर काढावे.

पक्क्या मैदानावर पुढच्या चाकांत नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा लागते. टायरच्या कडेला खडूची रेघ मारावी आणि एक फेरी घ्यावी. रेघ कडेखालीही पुसली गेली तर टायर दुमडतो आहे, हवा थोडी वाढवावी. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये, आणि घरी परतताना हवा पूर्ववत करावी.

मारुतीला पुढची चाके ओढतात. वळणात वेगाने घुसले तर ती घसरतात आणि गाडी सरळ जाते. म्हणून ब्रेक सरळ वाटेवर मारावा, मग वळावे. आधी पायी चालून वाट पाठ करावी. हेल्मेट आणि पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

एवढ्याने आईचा प्रश्न सुटला नव्हता. खासगी मोटारीच्या विम्यात शर्यतीतले नुकसान सहसा भरून मिळत नाही. गाडी मोडली तर खर्च घरचा. मी कारकून माणूस, वहीत दोन रकाने पाडले. एकात प्रवेश फी, हेल्मेट, ब्रेकचे काम. दुसऱ्यात संभाव्य दुरुस्ती आणि महिनाभराचे रिक्षाभाडे. "दुसऱ्या रकान्याची रक्कम आधी आईच्या हातात ठेव, मग फॉर्म भर," असे मी सांगितले. त्याने ओव्हरटाइम केला, त्याला चार महिने लागले. कर्ज काढले नाही.

शर्यत झाली. नंबर मधलाच आला, दोन शंकू पडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी वडलांना घेऊन वेळेवर इस्पितळात पोचली. मला विचाराल तर खरा निकाल तो.

मोटारींचे खेळ श्रीमंतांचे, असे आपण समजतो. पण त्यांच्या गाड्यांखाली झोपून पाने फिरवणारे हात आपल्याच वस्त्यांतले असतात. त्या हातांनी स्टिअरिंगही धरावे. मात्र हमरस्त्यावर पैजा लावून नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार परवानगीविना शर्यत हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड भरता येतो, रस्त्यावर गेलेला मुलगा परत येत नाही.

आयाबायांनो, मुलाच्या हौसेला आधी "नाही" म्हणू नका, हिशेब मागा. आणि तरुणांनो, तो हिशेब द्या. भगवान बुद्धांनी सांगितलेला मध्यम मार्ग घरातही चालतो.

जयभीम! नमो बुद्धाय!